तिसऱ्या सिलिंडरची चीर

मित्रांनो, माझ्या शब्दावर लगेच विश्वास ठेवू नका. मी एक जुने, पाण्याने थंड होणारे, चार सिलिंडरांचे विमान-इंजिन आहे, असे मी सांगतो खरा. परंतु तुम्ही आधी जवळ या, माझ्या अंगावर कोरलेला क्रमांक वाचा, बोल्ट हलवून पाहा आणि मगच मान डोलवा. ज्याला आकाशात जायचे आहे त्याने इंजिनाबद्दल काहीही गृहीत धरू नये, हा माझ्या जन्मकाळचा धर्म होता. संशयाचे बाळकडू मला पहिल्याच दिवशी पाजले गेले.

माझा जन्म शंभराहून अधिक वर्षांपूर्वी फ्रान्स देशातील एका नदीकाठच्या लहानशा कारखान्यात झाला. माणसाला उडण्याची विद्या तेव्हा नुकतीच साध्य झाली होती. विमाने म्हणजे लाकडाच्या पट्ट्या, कापड आणि तारा यांचा सांगाडा. त्या सांगाड्यात प्राण ओतण्याचे काम माझ्यासारख्यांचे. माझे चारही सिलिंडर ओतीव लोखंडाचे. प्रत्येकाभोवती तांब्याच्या पातळ पत्र्याचे आवरण, ज्याला कारागीर जॅकेट म्हणतात. सिलिंडर आणि जॅकेट यांच्या मधल्या पोकळीतून पाणी खेळते आणि माझा ताप शोषून घेते. ते पाणी आटले की माझे आयुष्य संपले, असे समजा.

माझा वैमानिक उड्डाणापूर्वी प्रत्येक जॅकेटला उघडा तळहात लावून पाही. माझ्या पोटातला आवाज जरा बदलला की त्याची भुवई वर चढे. असा संशयी मनुष्य मला फार आवडे, कारण तो माझी इतकी चौकशी करी, जितकी मायेची माणसेसुद्धा करीत नाहीत.

एकदा विमान कुंपणाला अडकून आपटले. वैमानिकाला खरचटले एवढेच. परंतु माझ्या तिसऱ्या सिलिंडरच्या जॅकेटला, वरच्या कडेच्या अगदी खाली, बोटाच्या पेराएवढी बारीक चीर पडली. माझी देखभाल करणारा मेकॅनिक घाबरला. नोकरी जाईल या भीतीने त्याने त्या चिरेवर कथलाची झाळ दिली, वर काळा रंग फासला आणि कोणाजवळही त्याचा उच्चार केला नाही. मित्रांनो, मीही केला नाही. सदोष म्हणवून घेण्यापेक्षा गप्प राहणे मला बरे वाटले.

पुढे मला जहाजात घालून पूर्वेकडे आणले. उड्डाणाचे खेळ करून दाखवायचे, असा मालकाचा बेत होता, तो फसला. मग मलायातील एका रबराच्या मळ्यात मला पाणी उपसण्याच्या कामाला जुंपले. ज्याने ढग पाहिले त्याने नाला पाहावा, हे दुःख मी गिळले. तरीही काम इमानाने केले आणि मळेवाल्यांनी माझे कौतुकही केले. नंतर डिझेलचा पंप आला आणि मी पत्र्याच्या शेडमध्ये पडलो. कोंबड्या माझ्यावर बसत. कितीतरी वर्षे मला कोणी हातसुद्धा लावला नाही, संशयानेही नाही.

तेथून मला उचलले ते लिमसाहेबांनी. सिंगापूरमध्ये आंग मो किओच्या औद्योगिक वसाहतीत, एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर त्यांची कार्यशाळा आहे. जुनी यंत्रे जमवायची, दुरुस्त करायची आणि लोकांना दाखवायची, हा त्यांचा छंद. वय सत्तरीच्या घरात, बोलणे कमी आणि डोळे सदैव बारीक केलेले. स्वतःच्या डब्याच्या झाकणावरही सही केलेली कागदाची पट्टी चिकटवणारे असे ते गृहस्थ. माझ्यासारखाच स्वभाव! त्यामुळे मला ते प्रथमदर्शनीच आपले वाटले.

त्यांच्याकडे माझी सेवा करणारे दोघे मराठी गृहस्थ होते. पहिले निशिकांत, सांगलीकडचे, पन्नाशीला टेकलेले, पान्यावरचा हात असा की गंजलेल्या बोल्टानेही मुकाट्याने सैल व्हावे. दुसरा धवल, मुंबईचा, तिशीचा. माझ्या प्रत्येक भागाची संगणकावर मापे घेणे हे त्याचे काम. दोघे दुपारी एकाच टेबलावर डबा उघडत आणि एकमेकांची भाजी खात. निशिकांतांनी उकळत्या पाण्यात धुण्याचा सोडा घालून माझी जॅकेटे आतून धुतली, कारण आत शतकभराचे तेल आणि गाळ साचला होता. त्या आंघोळीने माझे अंग मोकळे झाले. परंतु त्या जुन्या झाळेची पकडही सैल झाली, हे फक्त मला समजले.

रविवारी शहरातल्या पाया लेबार भागातील एका सभागृहात जुन्या यंत्रांचे प्रदर्शन होते. तेथे मी लोकांसमोर चालावे, अशी योजना होती. त्याआधीच्या मंगळवारी मला प्रथम चालू केले. मित्रांनो, मी गरजलो! धवलने कानांवर हात ठेवले आणि तो हसला. निशिकांतांच्या डोळ्यांत पाणी तरळले. वीस मिनिटांनी मला बंद केले, थंड होऊ दिले आणि लिमसाहेबांनी काचेच्या मापाने पाणी मोजले.

पेलाभर पाणी कमी होते.

खाली पसरलेला कागद कोरडा. नळी कोरडी. तोटी कोरडी. त्याचे रहस्य मी तुम्हाला सांगतो. मी तापलो की चीर उघडे, पाणी झिरपून बाहेर येई आणि गरम तांब्यावरच वाळून जाई. मी थंड झालो की चीर मिटून जाई. मग ती शोधणार कोण?

बुधवारी लिमसाहेबांनी पाण्याच्या झाकणावर आणि तोटीवर सही केलेल्या पट्ट्या चिकटवल्या. मला पुन्हा चालवले. पट्ट्या जशाच्या तशा राहिल्या आणि पुन्हा पेलाभर पाणी गेले.

"भुताने प्यायले असेल," धवल म्हणाला.

"भुताला तोटी कशी बसवायची ते ठाऊक नसते," निशिकांत म्हणाले. "तू मापे घ्यायला तोटी काढली होतीस ना? पुन्हा नीट आवळली होतीस का?"

"म्हणजे माझ्यामुळे? आणि तुम्ही जो सोडा ओतलात त्याचं काय, दादा? एवढं पातळ तांबं. आतून चाळणी झाली असेल."

"मी तीस वर्षं हेच करतोय."

"तेच म्हणतोय. तीस वर्षं कुणी तपासलं नाही."

त्या दिवशी दुपारी दोघे दोन वेगळ्या टेबलांवर जेवले.

गुरुवारी तिसऱ्यांदा तेच घडले. लिमसाहेब इंग्रजीतून बोलत. त्यांच्या वाक्याच्या शेवटी येणारा 'लाह' मात्र कोणत्याच भाषेत उतरत नाही. त्यांनी दोघांना समोर उभे केले.

"पाणी पळून जात नाही. कोणीतरी काहीतरी मोडले आहे आणि मला सांगत नाही. निशिकांत म्हणतो धवल, धवल म्हणतो निशिकांत. मी कोणाचे खरे मानू?"

दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवले.

"मग मी इंजिनालाच विचारतो, लाह," असे म्हणून त्यांनी खडू घेतला आणि माझ्या तिसऱ्या सिलिंडरच्या बरोबर मधोमध, वरपासून खालपर्यंत एक पांढरी रेघ ओढली. "शनिवारी चार वाजता कापणारा येईल. तोपर्यंत पाण्याचा पत्ता लागला तर हे चालेल. नाही लागला तर येथे कापायचे आणि अर्धे इंजिन मांडायचे. लोकांनाही आतले दिसेल, मलाही."

मित्रांनो, जुनी इंजिने अशी उभी कापून प्रदर्शनात ठेवतात, हे मी ऐकून होतो. पोट उघडे, रंग लाल-पिवळा, आणि पुन्हा श्वास घेणे कधीच नाही. मला वाटले, ओरडून सांगावे की चीर वरच्या कडेखाली आहे! आणि त्याच क्षणी वाटले, सांगून काय उपयोग? फुटके म्हटल्यावर तर नक्कीच कापतील. मनात मी निशिकांतांवर संशय घेतला, धवलवर घेतला, लिमसाहेबांवर घेतला. फक्त ज्याच्यावर घ्यायला हवा होता त्या स्वतःवर घेतला नाही.

शुक्रवारी खंडेनवमी आली. निशिकांतांनी सकाळीच सांगून टाकले, "आज हत्याराला हात लावणार नाही. आज त्यांची पूजा, त्यांची विश्रांती."

धवल थक्क झाला. "दादा, दोनच दिवस उरलेत आणि तुम्ही पान्यांना रजा देताय?"

"वर्षभर राबतात बिचारे. एक दिवस राहू दे. माझ्या वडिलांनी लेथवर असताना हा नेम कधी मोडला नाही."

लिमसाहेबांचे डोळे आणखी बारीक झाले. "आजच विश्रांती का? या एका दिवसात तुम्हाला काय लपवायचे आहे?"

निशिकांतांनी हात जोडून समजावले. शेवटी साहेबांनी दोन अटींवर मान्यता दिली. पहिली अट, ते स्वतः दिवसभर माझ्यासमोर खुर्ची टाकून बसतील. दुसरी अट, माझ्या तांब्यावर लाल काही लावायचे नाही. "लाल दिसले की मला गंज वाटतो. पिवळे चालेल."

त्याप्रमाणे पान्यांना, हातोड्यांना आणि कानशींना हळद-कुंकू, मला मात्र केवळ हळद. ती निशिकांतांच्या पत्नी संजीवनीबाईंनी सकाळीच घरून कालवून डबीत दिली होती. निशिकांतांनी प्रत्येक जॅकेटवर पाच बोटे ओढली, वरच्या कडेखालून सुरुवात करून थेट खालपर्यंत. झेंडूची माळ घातली. लिमसाहेब दिवसभर बसून राहिले. एकदा त्यांना डुलकी लागली, पण जागे होताच त्यांनी आधी पट्ट्यांवरच्या सह्या तपासल्या. मी त्यांना दोष देत नाही.

शनिवारी, दसऱ्याच्या सकाळी, लिमसाहेब पाया लेबारला प्रदर्शनाची जागा पाहायला गेले. तीनला परतणार होते. निशिकांत आणि धवल यांनी एकमेकांशी शब्दही न बोलता मला वीस मिनिटे चालवले. मी बंद झाल्यावर निशिकांत हातात बॅटरी घेऊन जवळ आले आणि जागीच थांबले. तिसऱ्या जॅकेटवर, वरच्या कडेपासून, हळदीच्या मधोमध लाल ओघळ उतरला होता.

"हे कुणी केलं?" त्यांनी विचारले.

"काय?"

"कुंकू. साहेबांनी लाल नको म्हणून बजावलं होतं. मला गोत्यात आणायचंय का तुला?"

"मी? दादा, माझं देवघर मोबाइलमध्ये आहे. मी कुंकू आणू कुठून?"

"कालच्या ताटात होतं की. मग आपोआप उगवलं का?"

"तुम्हीच लावलं असेल आणि विसरला असाल. तुम्हाला काय, काहीच आठवत नाही. तोटी फक्त मीच काढली होती ना?"

एवढ्यात संजीवनीबाई दारात उभ्या राहिल्या. एका हातात पुऱ्यांचा डबा, दुसऱ्या हातात श्रीखंडाचा. दोघांचेही आवाज त्यांनी लिफ्टपाशीच ऐकले होते.

"दसऱ्याच्या दिवशी सोनं वाटतात म्हणे. तुमच्याकडे शिव्या वाटतायत वाटतं."

"वहिनी, तुम्हीच न्याय करा," धवल म्हणाला. "दादा म्हणतात, मी इंजिनाला कुंकू लावलं."

संजीवनीबाईंनी डबे खाली ठेवले, पदर खोचला आणि माझ्याजवळ वाकल्या. बोटाने लाल ओघळ पुसला, अंगठ्याने चोळला, पुन्हा पाहिला.

"अहो, हे कुंकू नव्हे. ही माझीच हळद आहे. लाल पडलीय फक्त."

"हळद लाल कशी पडेल?"

"आता मीच सांगू? कुंकू करतात कसं? हळदीला चुना लावूनच ना? चुना काय, सोडा काय, हळदीला दोन्ही सारखेच. साबणाच्या पाण्यात हळदीचा डाग लाल होतो, ते कधी धुतलं असतंत तर कळलं असतं."

धवलला हसू आवरेना. निशिकांत मात्र हसले नाहीत. ते हळूहळू स्टुलावर बसले.

"सोडा," ते म्हणाले. "सोडा मी आतून घातला होता. बाहेर थेंबसुद्धा लागलेला नाही."

"म्हणजे?" संजीवनीबाईंनी विचारले.

"म्हणजे आतलं पाणी इथून बाहेर येतंय. आत कुठेतरी सोडा राहिलाय, तो पाण्याबरोबर आला. पाणी वाळलं, हळद मात्र सांगून गेली."

धवलने भिंग आणले. निशिकांतांनी कडेखालचा काळा रंग पात्याने हलकेच खरवडला. रंगाखाली कथील निघाले, जुने, राखाडी, सुटत आलेले. आणि कथलाखाली माझी चीर. मित्रांनो, शंभर वर्षे झाकलेली जखम उजेडात आल्यावर काय वाटते, ते मला विचारू नका.

"हे आपल्यापैकी कोणाचंच नाही," धवल हळू आवाजात म्हणाला.

"नाही. आणि मी चार दिवस तुला चोर समजत होतो."

"मीही काही कमी नाही, दादा. रात्री बायकोला सांगायचो की तुम्हीच फोडलंय म्हणून."

धवलने घड्याळ पाहिले. "बारा वाजलेत. साहेब तीनला येणार. दादा, अर्ध्या तासाचं काम आहे. नवी झाळ द्या, काळा रंग फासा. पाणी कमी होणार नाही, विषय संपला. चीर दाखवली तर म्हणतील, फुटकं आहे, कापा. आणि वर म्हणतील, तुम्हीच फोडलंत."

मित्रांनो, मी खरे सांगतो, माझ्या मनातही तेच होते. लपवा! मी मनोमन विनवत होतो. पहिल्या मेकॅनिकने लपवले म्हणून मी एवढी वर्षे अखंड राहिलो, तुम्हीही लपवा!

निशिकांतांनी संजीवनीबाईंकडे पाहिले. त्या म्हणाल्या, "माझ्याकडे काय बघताय? तुम्हाला काही लपवता येत नाही, हे मी वीस वर्षं बघतेय."

निशिकांत उठले. "धवल, त्या माणसानेही हेच केलं. झाळ दिली, रंग फासला, गप्प बसला. म्हणून आज शंभर वर्षांनी आपण दोघं एकमेकांचा गळा धरून उभे होतो. मी पुन्हा रंग फासला तर पुढे कुणीतरी असंच भांडेल." एवढे बोलून त्यांनी फोन लावला.

लिमसाहेब तासाभरात आले. त्यांनी भिंग घेतले आणि कितीतरी वेळ वाकून पाहिले.

"तुम्ही फोडलेत?"

"नाही साहेब. कथील जुनं आहे. तपासून घ्या."

"घेणारच." त्यांनी नखाने कथील खरवडले, बोटावर घासले, उजेडात धरले. मग हळदीचा लाल ओघळ पाहिला आणि कारण विचारले. संजीवनीबाईंनी मोडक्या इंग्रजीत समजावले. साहेबांनी त्यांच्याकडेही संशयाने पाहिले, डबीतली हळद मागून घेतली, चिमूटभर सोडा टाकून स्वतः कालवली. ती लाल झाली. तेव्हा कुठे त्यांचा चेहरा सैल पडला.

"शंभर वर्षे कोणीतरी मालकापासून हे लपवले," ते निशिकांतांना म्हणाले. "तुम्हाला एक दुपारसुद्धा जमले नाही."

हा रागाचा शब्द की शाबासकीचा, हे निशिकांतांना उमगेना. लिमसाहेबांनी खिशातून फोन काढला. "चार वाजता येऊ नका. मला आत काय आहे ते कळत नव्हते म्हणून कापणार होतो. आता कळले. कॅन्सल, लाह." मग त्यांनी रुमाल ओला करून खडूची रेघ स्वतःच्या हाताने पुसली.

त्या दुपारी निशिकांतांनी जुनी झाळ काढली, चीर घासून स्वच्छ केली आणि नवी झाळ दिली. धवलने त्यांना उजेड धरला. श्रीखंड थोडे पातळ झाले होते, तरी कोणी तक्रार केली नाही.

रविवारी मी पाया लेबारच्या सभागृहात चाललो. मुले आईबापांच्या खांद्यांवर बसून पाहत होती. लिमसाहेब पूर्ण वेळ माझ्या शेजारी, हात स्विचवर ठेवून उभे होते. मी केव्हा दगा देईन याची वाट पाहत. थंड झाल्यावर त्यांनी पाणी मोजले. नंतर पुन्हा मोजले. मग माप खाली ठेवून ते चहा घ्यायला गेले.

मित्रांनो, माझी कथा येथे संपली असती, तर मी तुम्हाला एवढे थांबवले नसते. सोमवारी निशिकांतांनी पितळेची एक छोटी पट्टी घेतली आणि एकेक अक्षर ठोकून तिच्यावर मजकूर उमटवला: तिसरे जॅकेट, वरच्या कडेखाली जुनी चीर, नवी झाळ दिली. खाली तारीख आणि दोघांची नावे. ती पट्टी त्यांनी तारेने माझ्या तिसऱ्या सिलिंडरला बांधली. प्रथम मला फार लाज वाटली. आपले व्यंग गळ्यात अडकवून कोण मिरवतो?

आता समजते. यंत्रावर संशय आला, तर मनुष्य जवळ येतो, हात लावतो, कान देतो. आणि मनुष्यावर संशय आला, तर तो लांब जाऊन बसतो. म्हणून माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे. वस्तू मोडली, तर ती जरूर दुरुस्त करा. परंतु जे मोडले होते ते झाकू नका, त्यावर लिहून ठेवा. तुमच्यानंतर ती वस्तू जो हाती घेईल, त्याला शेजारच्या माणसाकडे वाकड्या नजरेने पाहावे लागू नये.

लिमसाहेबांनी ती पट्टी वाचली, भिंग लावून पुन्हा वाचली आणि अक्षरांचे ठसे मागून घेतले. अक्षरे तिरपी आली. परंतु निशिकांत आणि धवल यांच्या नावांखाली त्यांनी स्वतः एक ओळ ठोकली: मालकास कळविले आहे.